प्रत्येक कणाचे वेगळे घड्याळ

बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यात तेलगाव आहे. तेथे सहकारी साखर कारखाना असल्यामुळे आसपासच्या शिवारात उसाचे फड पुष्कळ. अशा एखाद्या फडाच्या बांधावर वाऱ्याच्या दिवशी पाच मिनिटे उभे राहिले, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. फडातले सगळे ऊस एकाच वेळी वाकत नाहीत. झुळूक ज्या बाजूने येते, त्या बाजूचे शेंडे आधी वाकतात, मग त्यांच्या पुढचे, मग त्यांच्याही पुढचे. वाकण्याची एक लाट फडावरून धावत जाते आणि प्रत्येक ऊस मात्र जागच्या जागीच राहतो.

आता हाच फड आपल्याला संगणकाच्या पडद्यावर तयार करायचा आहे असे समजा. चित्रकार एकच ऊस काढतो. तो वाकून पुन्हा सरळ होईपर्यंतची ४८ चित्रे तयार करतो. सेकंदाला २४ चित्रे या वेगाने ती दाखवली, की एक डोलणे दोन सेकंदांत पूर्ण होते. मग या उसाच्या दहा हजार प्रती शेतभर मांडतो. चित्र चालू केले की काय दिसते? दहा हजार ऊस शाळेतल्या कवायतीसारखे एका तालात वाकतात आणि एका तालात उठतात. बघणारा लगेच म्हणतो, हे खोटे आहे.

यावर तोडगा सोपा आहे. प्रत्येक प्रतीचे घड्याळ थोडे मागेपुढे करायचे. एखादा ऊस पहिल्या चित्रापासून सुरुवात करील, दुसरा सतराव्यापासून, तिसरा चाळिसाव्यापासून. कवायत मोडते आणि शेत जिवंत वाटू लागते. चित्रपटातील सैन्ये, पक्ष्यांचे थवे, ठिणग्या, पाऊस, पाचोळा या सर्वांसाठी ही युक्ती वापरतात. या लेखात तिचीच तपासणी करायची आहे. ती चित्रपटापुरती राहिली असती, तर शिक्षकांनी तिच्याकडे लक्ष देण्याचे फारसे कारण नव्हते. पण अणू, रेणू, पेशी, अंकुरणारे बी यांची जी हलती चित्रे आज वर्गात दाखवली जातात, तीही अशाच साधनांनी आणि अशाच सवयींनी तयार होतात. तेथे घड्याळ चुकीच्या रीतीने मागेपुढे केले, तर विद्यार्थी चुकीचे विज्ञान शिकतो.

युक्तीची रचना

या कामासाठी जी संगणक-प्रणाली वापरतात, तिच्यात पडद्यावर लहान लहान चौकटी असतात. त्यांना नोड म्हणतात. प्रत्येक नोड एकच काम करतो. एक नोड शेतभर बिंदू पसरतो, दुसरा प्रत्येक बिंदूवर उसाची प्रत ठेवतो, तिसरा प्रत्येक प्रतीला एक यादृच्छिक संख्या देतो, म्हणजे जिच्यामागे कोणताही नेम नाही अशी संख्या. या चौकटी रेषांनी जोडल्या, की एकीचे उत्तर दुसरीकडे जाते. १९९६ साली कॅनडातील टोरांटोच्या एका कंपनीने आणलेली हूडिनी ही प्रणाली या पद्धतीसाठी प्रसिद्ध आहे. ब्लेंडर ही प्रणाली मोफत मिळते आणि तिच्यात २०२१ सालापासून अशा मांडणीसाठी नोडची सोय झाली आहे. त्यामुळे हे तंत्र आता मोठ्या स्टुडिओंची मक्तेदारी राहिलेले नाही. तेलगावच्या विद्यार्थ्यालाही साध्या संगणकावर ते करून पाहता येते.

यामागचे गणित आपल्या ओळखीचे आहे. समजा, चित्रपट चाळिसाव्या चित्रावर आहे आणि एका उसाचा फरक १५ आहे. बेरीज ५५ झाली. आपल्याजवळ चित्रे ४८ च आहेत. ५५ ला ४८ ने भागून बाकी ७ उरते, म्हणून या उसाचे सातवे चित्र दाखवायचे. घड्याळात अकरानंतर तीन तासांनी दोन वाजतात, तोच हा हिशेब.

या युक्तीचे पहिले श्रेय द्यायला हवे ते तिच्या काटकसरीला. एकच ऊस रेखाटायचा आणि प्रत्येक प्रतीसाठी फक्त एक संख्या लक्षात ठेवायची. दहा हजार ऊस वेगवेगळे काढण्याचे श्रम वाचतात.

ती नीट वापरायची तर दोन पथ्ये पाळावी लागतात. दोन्ही वर्गात सांगण्यासारखी आहेत. पहिले पथ्य ओळखक्रमांकाचे. कण जन्मतात आणि नाहीसे होतात. फरकाची संख्या जर कणाच्या यादीतील स्थानावरून ठरवली, तर मधला एक कण गेला की पुढच्या सर्वांचे स्थान बदलते आणि सर्वांचे घड्याळ एकदम दचकते. वर्गातील एक मुलगा शाळा सोडून गेला, तर हजेरीपटावरचे पुढचे क्रमांक नव्या वर्षी सरकतात. जनरल रजिस्टरचा क्रमांक मात्र कायम राहतो. कणालाही असा जन्मभराचा क्रमांक द्यावा लागतो.

दुसरे पथ्य वेगाचे. एखाद्या कणाचे डोलणे मध्येच जलद करायचे असेल, तर नवखा माणूस चित्राच्या क्रमांकाला नव्या वेगाने गुणतो. शंभराव्या चित्रापर्यंत वेग १ होता, तेव्हा उत्तर १०० आले. पुढच्याच चित्राला वेग १.५ केला, तर १०१ गुणिले १.५ म्हणजे १५१.५. कण एका चित्रात ५१.५ घरे उडी मारतो! ही चूक आपण दहावीच्या उत्तरपत्रिकांतही पाहतो. एस.टी. दोन तास ताशी ३० किलोमीटर वेगाने आणि तिसरा तास ताशी ४५ च्या वेगाने गेली, तर एकूण अंतर ४५ गुणिले ३, म्हणजे १३५ किलोमीटर होत नाही. ते ६० अधिक ४५, म्हणजे १०५ होते. वेग बदलत असेल तेव्हा प्रत्येक क्षणी पुढे गेलेले अंतर मिळवत जावे लागते. कणाच्या घड्याळाचेही तसेच आहे.

पहिल्याच उदाहरणातले गुण आणि दोष

कणांच्या समूहातून चित्र घडवण्याची पद्धत विल्यम रीव्ह्ज या संशोधकाने १९८३ साली एका निबंधात मांडली. त्याआधी १९८२ साली ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील दुसऱ्या चित्रपटात ती वापरली गेली होती. एका ग्रहावर आघात होतो आणि आगीचे कडे त्या ग्रहावरून पसरत जाते, असे ते दृश्य आहे. आग एकाच वेळी सर्वत्र पेटत नाही. आघाताच्या जागेपासून जे ठिकाण जितके दूर, तितक्या उशिरा तेथले कण उसळू लागतात. म्हणजे उशीर हा अंतरावरून ठरवलेला होता. तेलगावच्या फडावरून झुळूक जाते तेव्हा हेच घडते. जवळचा ऊस आधी, लांबचा नंतर. त्या दृश्याची खरी ताकद या कार्यकारणात आहे, असे माझे मत आहे.

त्याच निबंधात दुसरे एक सूत्र आहे. कणाचा सुरुवातीचा वेग ठरवताना सरासरी वेग घ्यायचा आणि त्यात एक यादृच्छिक भाग मिळवायचा. हा भाग उणे एक ते अधिक एक यांच्यामध्ये कोठेही, सारख्याच शक्यतेने पडणाऱ्या संख्येवरून काढायचा. अशा वाटणीला आपण सपाट वाटणी म्हणू. मधल्या किमतींना जितकी संधी, तितकीच टोकाच्या किमतींना. रीव्ह्ज यांच्यासाठी ती सोय होती आणि त्या काळच्या संगणकांचा विचार करता ती योग्यही होती. पण पुढच्या चाळीस वर्षांत ती सोय सवय बनली. आजही यादृच्छिक संख्येचा नोड उघडला, की सहसा शून्य ते एक यांतील सपाट वाटणीच समोर येते. बहुतेक जण ती तशीच घड्याळांना जोडून देतात. पडद्यावरची कवायत मोडली की त्यांचे समाधान होते.

माझा आक्षेप येथे आहे. निसर्गात वेळा वेगवेगळ्या असतात हे खरे, पण त्या कशाही वेगवेगळ्या नसतात. प्रत्येक ठिकाणी वेगळेपणाला कारण असते आणि त्या कारणाप्रमाणे वाटणीला आकार येतो.

तीन आकार

पहिले उदाहरण किरणोत्साराचे घेऊ. आयोडीन-१३१ चा अर्धायुष्यकाल सुमारे ८ दिवस आहे. आज १०० केंद्रके असतील, तर ८ दिवसांनी सरासरी ५०, १६ दिवसांनी २५ आणि २४ दिवसांनी १२ ते १३ उरतील. आता चित्रकाराने सपाट वाटणी वापरून प्रत्येक केंद्रकाला ० ते ३२ दिवसांमधील एक वेळ दिली असे समजा. त्याच्या पडद्यावर ८ दिवसांनी ७५, १६ दिवसांनी ५०, २४ दिवसांनी २५ उरतात आणि ३२ व्या दिवशी एकही नाही. चित्र पाहताना दोन्ही सारखीच वाटतात. केंद्रके इकडेतिकडे, नेम नसल्यासारखी विझत जातात. मोजल्याशिवाय फरक कळत नाही.

पण फरक मूलभूत आहे. सपाट वाटणीत २४ दिवस टिकलेल्या केंद्रकाला उरलेल्या ८ दिवसांत जावेच लागते. म्हणजे केंद्रक म्हातारे होते, असे ते चित्र सांगते. खऱ्या केंद्रकाला वय नसते. २४ दिवस टिकलेले आणि आत्ताच तयार झालेले, दोघांचीही पुढच्या ८ दिवसांत फुटण्याची शक्यता निम्मीच. किरणोत्साराच्या धड्याचा गाभा हाच आहे आणि ते चित्र नेमका तोच पुसून टाकते.

दुरुस्ती मात्र अगदी किरकोळ आहे. शून्य ते एक यांतील यादृच्छिक संख्येचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यायचा, त्याचे चिन्ह बदलायचे आणि सरासरी आयुष्याने गुणायचे. आयोडीन-१३१ चे सरासरी आयुष्य सुमारे ११.५ दिवस येते. यादृच्छिक संख्या ०.५ आली तर वेळ ८ दिवस, ०.२५ आली तर १६ दिवस, ०.९ आली तर जेमतेम सव्वा दिवस. एक नोड वाढवला की खोटे चित्र खरे होते.

दुसरे उदाहरण चुलीवरच्या लाह्यांचे. मक्याचे दाणे तापत ठेवले, की सुरुवातीला शांतता असते. मग एखादा फुटतो, मग दोन-चार, मग एकदम तडतडाट होतो आणि पुन्हा तो विरळ होत जातो. दाण्यातील पाण्याची वाफ होते, दाब वाढतो आणि सुमारे १८० अंश सेल्सिअसला टरफल फुटते. सगळ्या दाण्यांना तेथपर्यंत पोचायला जवळजवळ सारखाच वेळ लागतो. आकार, ओलावा आणि भांड्यातील जागा यांमुळे थोडा फरक पडतो. म्हणून येथे वाटणी मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना उतरती असते. सपाट वाटणीने केलेल्या लाह्या पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत एकाच दराने फुटत राहतील. कानाने ऐकणाऱ्याला हा खोटेपणा लगेच कळेल.

तिसरे उदाहरण बीजांकुरणाचे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीत वाटाण्याचा दाणा लावला आणि महिनाभराच्या वाढीचा मिनिटभराहून थोडा अधिक लांबीचा चित्रपट केला. त्याचे नाव ‘अंकुराची वाढ’. तीस दिवसांची मिनिटे होतात ४३,२००. म्हणजे काळ सुमारे त्रेचाळीस हजार पट आवळला गेला. तो आवळला सगळा एकाच प्रमाणात, म्हणून वाढीच्या निरनिराळ्या टप्प्यांना लागलेल्या वेळांचे आपसांतले प्रमाण टिकून राहिले. आज कुणी असा एक अंकुर घेऊन त्याच्या हजार प्रतींचे शेत केले आणि प्रत्येकाला सपाट वाटणीने उशीर दिला, तर काय होईल? पेरल्याच्या पहिल्या तासातही काही दाणे उगवलेले दिसतील. खरे बी आधी पाणी शोषते. तोपर्यंत कोणताच दाणा उगवत नाही. मग बरेचसे एकाच सुमारास उगवतात आणि काही मागे रेंगाळतात. पाचवीच्या मुलांनी ओल्या फडक्यात मटकी बांधून रोज मोड मोजले, तर त्यांना हा आकार स्वतः सापडतो.

शेजाऱ्याचे काय?

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. यादृच्छिक संख्या प्रत्येक कणाला स्वतंत्रपणे मिळते. शेजारच्या कणाचा तिच्याशी संबंध नसतो. उसाच्या फडात मात्र शेजारी ऊस जवळजवळ बरोबरच वाकतात. घड्याळे यादृच्छिक केली तर एक शेंडा पूर्वेकडे आणि त्याच्या अगदी लगतचा पश्चिमेकडे, असा गोंधळ माजतो. कवायत मोडली, पण वाराही नाहीसा झाला. उशीर अंतरावरून ठरवला तर लाट परत येते. फ्रान्समधील शार्लोट पी, इमॅन्युएल द लाँग्र आणि ब्रुनो मुलिया यांनी गहू आणि लसूणघास यांच्या शेतांचा अभ्यास करून २००६ साली आणखी एक गोष्ट दाखवली. अशा लाटांची वारंवारता पिकाच्या स्वतःच्या डोलण्याच्या वारंवारतेला जाऊन चिकटते. वारा पिकाला हलवतो आणि पीकही वाऱ्याच्या झुळकांना आपला ताल लावते.

हंगामात कारखान्याकडे जाणारी उसाच्या बैलगाड्यांची रांग पाहा. पुढची गाडी थांबली की मागची क्षणभराने थांबते, तिच्या मागची आणखी क्षणभराने. थांबण्याची लाट रांगेतून मागे जाते. येथे उशीर आधी वाटून दिलेला नाही, तो शेजाऱ्याकडे पाहण्यातून निर्माण होतो. क्रेग रेनॉल्ड्स यांनी १९८७ साली पक्ष्यांच्या थव्यासाठी हेच केले. प्रत्येक पक्षी जवळच्या पक्ष्यांकडे पाहून आपली दिशा ठरवतो. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रपटमालेतील सैन्यांसाठी स्टीफन रेगेलस यांनी लिहिलेल्या ‘मॅसिव्ह’ प्रणालीतही प्रत्येक सैनिक भोवताल पाहून वागतो.

काजव्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. पावसाच्या तोंडाशी भंडारदरा-पुरुषवाडी परिसरात काजवे पाहायला लोक लांबून जातात. आग्नेय आशियातील काही जातींचे काजवे झाडभर एका तालात लुकलुकतात. सुरुवातीला त्यांची घड्याळे वेगवेगळी असतात. शेजाऱ्याची चमक पाहून प्रत्येक जण आपले घड्याळ किंचित सरकवतो आणि हळूहळू फरक मिटतो. सारख्या घड्याळांचा असा समूह जवळजवळ कोणत्याही सुरुवातीपासून एका तालात येतो, हे रेनाटो मिरोलो आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी १९९० साली गणिताने सिद्ध केले. जेथे फरक कायमचा वाटून दिलेला आहे, त्या पडद्यावरचे काजवे जन्मात एकत्र येणार नाहीत.

ताल वेगळा असणे आणि सुरुवात वेगळी असणे, यांतही गल्लत होते. एकाच लांबीचे दोन लंबक मागेपुढे सोडले, तर त्यांच्यातील अंतर तेवढेच राहते. एकाचा आवर्तकाल २ सेकंद आणि दुसऱ्याचा २.१ सेकंद असेल, तर एकत्र सोडलेले लंबक हळूहळू फाकतात आणि ४२ सेकंदांनी पुन्हा जुळतात. कारण तेवढ्यात पहिल्याची २१ आणि दुसऱ्याची २० आवर्तने होतात. फक्त सुरुवात बदललेले पडद्यावरचे शेत दर दोन सेकंदांनी हुबेहूब तेच दिसते. थोडा वेळ पाहिले की डोळ्यांना ते खटकू लागते.

चित्रकाराची बाजू

चित्रकार म्हणेल, माझे काम डोळ्याला पटवण्याचे आहे, प्रयोगशाळा चालवण्याचे नाही. करमणुकीच्या चित्रपटापुरते हे म्हणणे मला मान्य आहे. ठिणग्यांच्या वाटणीवरून कुणी चित्रपटाला नापास करू नये. परंतु तेच चित्र ‘किरणोत्सार असा होतो’ या मथळ्याखाली वर्गात आले, की त्याची भूमिका बदलते. तेव्हा ते पुरावा म्हणून उभे असते. फळ्यावरच्या खडूच्या आकृतीला मुले आकृतीच समजतात. हलते, रंगीत, जिवंत चित्र मुलांना प्रत्यक्ष घडलेली घटना वाटते. ते जितके देखणे, तितकी शिक्षकाची जबाबदारी अधिक.

म्हणून असे चित्र दाखवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. या कणांच्या वेळा वेगवेगळ्या का आहेत? त्या वेळांची वाटणी कशी आहे? आणि एका कणाला दुसऱ्याची खबर आहे का? चित्र थांबवून थांबवून ठरावीक अंतराने उरलेले कण मोजावेत आणि आलेख काढावा. मुले हे आनंदाने करतात.

जोडीला एक स्वस्त प्रयोग. शंभर चिंचोके फोडून एका बाजूने काळे, एका बाजूने पांढरे असे तुकडे करावेत. सर्व एकदम फेकावेत, पांढरे पडतील ते बाजूला काढावेत, उरलेले मोजून पुन्हा फेकावेत. असे सात-आठ वेळा करावे. काळे आणि पांढरे अगदी निम्मे-निम्मे पडतीलच असे नाही. तो भाग आधी फेकून ठरवून घ्यावा. दुसरीकडे शंभर चिठ्ठ्यांवर १ ते ८ आकडे जवळजवळ सारख्या संख्येने लिहून फेरीनुसार काढत जावे. दोन्हींचे आलेख एकाच कागदावर काढले, की एक रेषा सरळ उतरते आणि दुसरी वाकत वाकत सपाट होत जाते. चिंचोक्याला आपण किती वेळा फेकले गेलो हे आठवत नसते, चिठ्ठीवर मात्र तिचा दिवस आधीच लिहिलेला असतो. एवढा फरक ज्या मुलाला कळला, त्याच्यासमोर कोणतेही चित्र ठेवायला हरकत नाही. तो ते तपासूनच पाहील.